आबांच्या ट्रकला ग्राफिक कार्ड

घरच्या कॉम्प्युटरला ग्राफिक कार्ड बसवायचं मी ठरवलं, त्याचं कारण असं की आबांनी शिव्या देणं बंद केलं होतं. कंपनीत ज्याला ज्याला मी हे सांगितलं त्याने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग विषय बदलला. म्हणून तुम्हाला जरा सविस्तर सांगतो, कारण तुम्ही निदान उठून जाणार नाही.

आबा म्हणजे माझे वडील, अर्जुनराव. आमचं घर महाळुंग्यातलं, मूळचं शेतकऱ्याचं. शेताच्या जागी कंपन्या आल्या तसे आबा नांगर सोडून ट्रकवर बसले आणि पुढची सगळी हयात त्यांनी चाकणचा माल न्हावाशेवा, चेन्नई, कुठे कुठे पोचवण्यात घालवली. मी त्यांचा एकुलता एक मुलगा, शेखर. गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणजे लोक पार्ट बनवतात आणि मी ते मोजून नापास करतो. (घरी उलटं असतं. घरी मी काहीतरी करतो आणि बाकीचे मला नापास करतात.)

गेल्या वर्षी आबांना काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, समोरचं नीट दिसेल, पण बाजूचं दिसणार नाही, तेव्हा गाडी बंद. ट्रक विकला. त्या दिवसापासून आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसायला लागले. आमच्या दारावरूनच कंटेनर जातात, आणि आमच्या कोपऱ्यावरचं वळण आजवर एकाही ड्रायव्हरला नीट काढता आलेलं नाही, असं आबांचं ठाम मत आहे. सुरुवातीला ते ओट्यावरूनच एकेकाचा उद्धार करायचे. "आरं ए भुसनळ्या, मागचं शेपूट कोन बघनार, तुझा सासरा?" अशी आरोळी ऐकू आली की आई आत निर्धास्त व्हायची. माणूस ठणठणीत आहे याची ती पावती होती.

मग हळूहळू आरोळ्या कमी झाल्या. एके दिवशी एका कंटेनरने आमच्या कुंपणाचा खांबच आडवा केला. ड्रायव्हर बिचारा आपणहून खाली उतरला, ओट्यासमोर मान खाली घालून शिव्या खायला उभा राहिला. आबा शांतपणे म्हणाले, "जा बाबा, उशीर व्हईल तुला." तो ड्रायव्हर असा काही घाबरला की पळतच गाडीत जाऊन बसला. आम्ही त्याच्यापेक्षा जास्त घाबरलो.

त्याच संध्याकाळी आई माझ्यासमोर येऊन बसली. माझी आई शालनबाई. आबांचं तोंड जरा आवरू दे म्हणून तिने आजवर देवाला किती नारळ फोडले असतील, त्याची गणती देवालाच ठाऊक. ती म्हणाली, "शेखर, काय बी कर, पर त्यास्नी एकदा शिव्या द्यायला लाव." आणि पदराने डोळे पुसले. मलाही भरून आलं. आयुष्यात कुठल्याही आईने मुलाकडे इतकी साधी गोष्ट मागितली नसेल, आणि ती कुठून आणायची हे मला माहीत नव्हतं.

आमच्या कंपनीत आयटीला सुजित नावाचा मुलगा आहे. वयाने लहान, पण सगळे त्याला मान देतात, कारण पासवर्ड विसरला की त्याच्याकडेच जावं लागतं. त्याला मी आबांचं सांगितलं. तो म्हणाला, शेखरभाऊ, ट्रक चालवायचा गेम मिळतो. गियर, आरसे, रिव्हर्स, माल भरणं, पोचवणं, सगळं खऱ्यासारखं. त्याच्याकडे गेमचं स्टिअरिंग आणि पेडल पडून होती, तीही त्याने देऊ केली. मला एकदम पटलं. डॉक्टरांनीच सांगितलं होतं की समोरचं नीट दिसेल, आणि कॉम्प्युटर हा समोरच असतो.

कॉम्प्युटर तसा माझा नाही, साधनाचा आहे. साधना म्हणजे माझी बायको, चाकणला शाळेत शिकवते. त्या कॉम्प्युटरवर ती शाळेच्या प्रश्नपत्रिका काढते. तो दुकानातून तयार घेतलेला, चांगल्या नावाचा, अंगाने सडपातळ डबा आहे. आमच्या लग्नाइतका जुना नसला, तरी त्या बाजूला झुकलेला आहे. साधनाने परवानगी दिली, फक्त माझ्या फायली हलवू नका म्हणाली. मी म्हटलं, आपण फक्त ट्रक हलवणार आहोत.

आबांना आम्ही समजावून खुर्चीत बसवलं. स्टिअरिंग बघून ते म्हणाले, हे तर पोह्यांच्या ताटलीएवढं आहे. पण हात ठेवला, आणि मी पाहिलं की त्यांची बोटं आपोआप बरोबर जागी गेली. गाडी सुरू झाली. रस्ता सुरू झाला. आणि पहिल्याच वळणावर चित्र अडकलं. ट्रक वळणाच्या तोंडाशी होता, मग पडदा गोठला, आणि पुन्हा हलला तेव्हा ट्रक खड्ड्यात होता. आबांनी परत प्रयत्न केला. पुन्हा तेच. चित्र झटके खातखात पुढे जायचं आणि मधला रस्ता गायब व्हायचा.

आबांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "शेखर," ते हळूच म्हणाले, "आता समोरचं बी जाया लागलं वाटतं रं."

मी घाईघाईने सांगितलं की तसं नाही, हा कॉम्प्युटरचा दोष आहे, आम्हालाही तसंच दिसतंय. साधनानेही सांगितलं. ते "उगा समजूत काढू नगा" एवढंच म्हणाले आणि ओट्यावर जाऊन बसले. खरं सांगतो, मला रडू यायचं बाकी राहिलं. बरं करायला गेलो आणि माणसाला आपले डोळे गेल्याची खात्री करून दिली. आता तो गेम लोण्यासारखा चालवून दाखवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

सुजित म्हणाला, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ग्राफिक कार्डच नाही. आतल्या मुख्य बोर्डाचीच जी काय थोडीफार कुवत आहे, तिच्यावर चित्र चाललंय. कार्ड घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, तयार कॉम्प्युटरमध्ये करंटही बेताचा असतो आणि जागाही बेताची असते. तेव्हा ज्याला वेगळी करंटची वायर लागत नाही असं कार्ड घ्या, आणि आधी जागा मोजा.

मोजा म्हणाला. मला. मी त्याच्याकडे बघून नुसता हसलो. (ते हसू मला पुढे फार महागात पडलं.)

रीतसर गेट पास करून मी मापं घ्यायचा कंपनीतला व्हर्नियर घरी आणला. कॉम्प्युटरचं झाकण काढून कार्डाच्या जागेची लांबी मोजली, जाडी मोजली, दोन्ही मापं पुन्हा एकदा घेतली, कागदावर ड्रॉइंग काढलं आणि खाली तपासणाऱ्याची सही म्हणून माझी आणि मंजुरी देणाऱ्याची म्हणूनही माझीच सही केली. साधना पेपर तपासता तपासता म्हणाली, "आणि उंची?" मी तिला समजावलं की कार्डांची उंची ठरलेली असते, सगळीकडे एकच, ती मोजायची नसते. (हे खरं आहे. कार्डांची उंची ठरलेलीच असते. डब्यांची नसते.)

कार्ड मागवलं. मी रोज दुपारी कंपनीतून आईला फोन करून विचारायचो, आबांचं कार्ड आलं का. आई रोज न्हाई म्हणायची. मग एके दिवशी तिनेच मला विचारलं की त्या कार्डाला आबांचा फोटो नको का लागायला, आणि अंगठा द्यायला त्यांना कुठे न्यायचं, पंचायतीत का पार चाकणला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आई आधार कार्ड, रेशन कार्ड, ज्येष्ठ नागरिकाचं कार्ड या वाटेवर होती. खिशात मावेल असं काहीतरी पोस्टमन आणून देईल म्हणून ती दार धरून बसली होती. मी विचारलं, दुसरं काही आलं का. "न्हाई बा," ती म्हणाली, "एक खोकं आलंय फकस्त, साधनाचा मिक्सर असंल, पलंगाखाली सरकवलाय."

घरी येऊन बघतो तर कार्ड पलंगाखाली खोक्याविनाच होतं. फोन ठेवल्यावर, मिक्सर वाटेत फुटला तर नाही ना ते बघायला आईने खोकं फोडलं, आत भलतंच काहीतरी बघून ते पिशवीत गुंडाळून ठेवलं, आणि खोकं चांगलं मजबूत आहे म्हणून त्यात कुरडया भरल्या. पावतीसकट. आता ते कार्ड परत करायचं म्हणजे दुकानदाराला कुरडयांचा वास समजावून सांगावा लागला असता.

आणि परत करायची वेळ आलीच होती. कारण लांबी बरोबर बसली, जाडी बरोबर बसली, आणि उंचीला कार्ड डब्याच्या बाहेर चांगलं वीतभर डोकं काढून उभं राहिलं. (वीतभर नाही, चार बोटं. पण मला ते वीतभर दिसत होतं.) झाकण लागेना, मागची पत्र्याची पट्टीही भोकाला जुळेना. मी झाकण वरून दाबून पाहिलं, बाजूने सरकवून पाहिलं, थोडा वेळ नुसतं बघत बसून पाहिलं. साधना आली, तिने पाहिलं, आणि पेपर तपासायला परत गेली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

सुजितला फोन केला. तो म्हणाला, बुटक्या डब्यांसाठी बुटकी कार्डं वेगळी मिळतात, हे परत करा. परत करणं म्हणजे कुरडया, आणि कुरडयांपेक्षाही मोठी अडचण म्हणजे मी क्वालिटीचा माणूस. आमच्याकडे एखादं भोक चुकलं तर पार्ट फेकत नाहीत, त्याचं रीवर्क करतात. मी म्हटलं, कार्ड बसत नसेल तर डबा बसवू.

रणजीत माझा शाळेपासूनचा मित्र. आमच्याच गल्लीच्या टोकाला त्याचं वेल्डिंगचं शेड आहे. गेट, ग्रिल, ट्रॉल्या, जे म्हणाल ते बनवतो. डबा त्याच्याकडे न्यायचा तर आधी आतलं सगळं काढायला हवं होतं, कारण ग्राइंडरच्या ठिणग्या आणि साधनाच्या प्रश्नपत्रिका यांचं जमलं नसतं. सोमवारी शाळेत प्रश्नपत्रिका नाही गेल्या तर त्याच ग्राइंडरखाली तुम्हाला धरीन, असं तिने मला अगदी हसत हसत सांगितलं होतं.

आणि इथे मी जे काम केलं त्याचा मला आजही अभिमान आहे. (म्हणजे होता.) आमच्या लाइनवर प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते, आणि वस्तू काढली की ती त्याच जागी परत गेली पाहिजे. मी कागदी चिकटपट्टी घेतली आणि कॉम्प्युटरच्या एकूण एक वायरवर नंबर टाकला. तोच नंबर त्या वायरच्या भोकावर. करंटची वायर एक, भोक एक. कीबोर्ड दोन, भोक दोन. स्क्रीनची वायर चार, भोक चार. स्क्रूसुद्धा वाट्यांमध्ये वेगवेगळे ठेवले. आईने कौतुकाने पाहिलं. आमच्या घरात माझ्याकडे कौतुकाने क्वचितच पाहिलं जातं, म्हणून मी ते काम जरा लांबवलं.

रणजीतने माझं ड्रॉइंग हातात घेतलं, उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं, मग त्यावर चहाचा ग्लास ठेवला आणि डब्यावर सरळ खडूने रेघ मारली. झाकणाला चौकोनी भोक पाडलं, वर पत्र्याचा उंचवटा वेल्डिंग करून बसवला, वारा जायला त्याला जाळी लावली. मागच्या बाजूलाही कापाकापी केली. शेवटी एका गेटचा उरलेला नारिंगी रंग मारला. मी विचारलं, नारिंगी कशाला. तो म्हणाला, भावा, गंज लागायला नको, आणि गेटवाल्याने जास्तीचा दिलाय.

तो डबा काखोटीला मारून मी घरी आलो तेव्हा आबा ओट्यावर होते. कितीतरी दिवसांनी ते खुर्चीतून उठून उभे राहिले. डब्याच्या पाठीवरून हात फिरवला. "ह्याला वशिंड कुनी काढलं?" ते म्हणाले. आई आतून लगबगीने बाहेर आली. शिवी नव्हती, पण त्या दिशेने चाललेलं काहीतरी होतं.

डब्यात सगळं पुन्हा भरलं. कार्ड ऐटीत वशिंडाखाली उभं राहिलं. मग नंबर बघून प्रत्येक वायर तिच्या भोकात. एकही वायर उरली नाही, एकही भोक रिकामं राहिलं नाही. (कार्डाला मागे स्वतःची दोन-तीन भोकं होती, पण त्यांच्यावर नंबर नव्हता, त्यामुळे ती माझ्या अधिकारात येत नव्हती.)

सुरू करणार तेवढ्यात आई म्हणाली, थांब. नवी गाडी बिनपूजेची काढायची नाही, आजवर आपल्या घरात तसं झालेलं नाही. कॉम्प्युटर आहे म्हटलं तर ती म्हणाली, चालवायचाय की नाही? तिने डब्याच्या चारी पायांखाली लिंबं ठेवली. वशिंडाला झेंडूचा हार घातला. नारळ मी उंबऱ्यात फोडायला लावला, तेवढं माझं चाललं. मग तिने जाळीवर मूठभर हळद आणि मूठभर कुंकू वाहिलं, कारण तिच्या मते गाडी मोठी होती.

मी बटण दाबलं. कार्डाचे पंखे फिरले. आणि ते सगळं हळदकुंकू जाळीतून वर उसळलं, ते थेट वाकून बघणाऱ्या क्वालिटी इन्स्पेक्टरच्या तोंडावर.

माझे डोळे चुरचुरायला लागले. आई म्हणत होती शुभ झालं, साधना म्हणत होती चोळू नका, आणि मी भिंत चाचपत मोरीकडे गेलो. तिथे मी बराच वेळ तोंडावर पाणी मारत होतो. बाहेर काय चाललंय ते मला ऐकू येत नव्हतं. तोंड पुसत परत आलो तेव्हा आबा खुर्चीत बसले होते, हात स्टिअरिंगवर होते, आणि समोर ट्रक चालला होता. झटका नाही, अडखळणं नाही. रस्ता सरळ पळत होता. पहिलं वळण आलं आणि आबांनी ते असं काढलं की माझ्या अंगावर काटा आला. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसायचो तेव्हा ते असंच काढायचे.

"दिसतंय का आबा?" मी विचारलं.

"दिसतंय की," आबा म्हणाले. "समदं दिसतंय." मग जरा थांबून म्हणाले, "म्हंजे डोळं न्हाई गेलं माझं."

तेवढ्यात पडद्यावर उजवीकडून एक मोटार आडवी घुसली. आबांनी करकचून ब्रेक दाबला आणि ओरडले, "आरं ए मुडद्या, शिंगल कोन देनार? रस्ता काय तुझ्या बापानं हुंड्यात घेतलाय?" आणि त्यापुढे जे काही ओरडले ते इथे छापता येणार नाही.

आई दारात उभी होती. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने तिथूनच देवाच्या फोटोला हात जोडले. साधनानेही डोळे पुसले. मी तर आधीच लाल होतो, त्यामुळे माझं काही कळलं नाही.

पुढचे दिवस आमच्या घरात सणाचे गेले. गेममधले रस्ते परदेशातले होते, त्यामुळे आबा सकाळी अंघोळ करून आईला सांगायचे, आज जर्मनीला माल न्यायचाय, जेवायला थांबू नको. आई भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून कॉम्प्युटरशेजारी ठेवायची. मधेच गाडी कडेला लावून आबा जेवून घ्यायचे, तिथेच खुर्चीत. ओट्यावरच्या आरोळ्याही परत सुरू झाल्या, आणि वळणावरचे ड्रायव्हर पुन्हा जपून गाडी काढायला लागले.

आणि मी? कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मी ग्राफिक कार्ड या विषयातला अधिकारी माणूस झालो. मेमरी किती असावी, पंखे किती असावेत, करंट किती खातं, जेवणाच्या सुट्टीत माझी व्याख्यानं व्हायची. "कार्ड नसेल तर ते चित्रच नव्हे," हे माझं वाक्य लोक परस्परांना ऐकवायचे. (हसून ऐकवायचे, हे मला नंतर कळलं.) एवढं ऐकून सुजितने एकदा घरी येऊन बघायची इच्छा दाखवली. मी त्याला मोठ्या थाटात घेऊन आलो.

आबा ट्रक चालवत होते. सुजितने त्यांना नमस्कार केला, थोडा वेळ पडदा बघितला. मग म्हणाला, भाऊ, चित्र छान चाललंय, पण झाडं कुठे गेली? मी म्हटलं, परदेश आहे, नसतील. तो वाकून कॉम्प्युटरच्या मागे गेला. तिथे तो बराच वेळ गप्प होता. कुणी मागे जाऊन गप्प झालं की काय होतं, हे क्वालिटीवाल्याला बरोबर कळतं.

"शेखरभाऊ," तो शक्य तितक्या हळू म्हणाला, "ही स्क्रीनची वायर बोर्डाच्याच भोकात आहे. ती कार्डाच्या भोकात लावायची असते. नाहीतर कार्ड काही कामच करत नाही. नुसते पंखे फिरतात."

मी जाऊन पाहिलं. वायरवर चार, भोकावर चार. अक्षर माझंच. माझ्या अक्षरात मी कार्डाला घरी बसवून पगार देत होतो.

मग ट्रक इतके दिवस चालला कसा, हे मी विचारलं. साधनाने हातातला पेपर खाली ठेवला. ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही मोरीत होतात तेव्हा ते पहिल्यासारखंच अडकत होतं. आबांनी स्टिअरिंग सोडलं होतं. मग मी सेटिंगमध्ये जाऊन जे जे दिसलं ते बंद केलं. पाऊस बंद, गवत बंद, झाडं, सावल्या, ढग, सगळं बंद. मग चालायला लागलं."

"मला सांगायचं तरी."

"सांगणार होते," ती म्हणाली. "पण तुम्ही तोंडावर कुंकू घेऊन बाहेर आलात आणि इतके खूश झालात, की मग राहूनच गेलं."

बायको अशी असली की माणसाला रागावताही येत नाही. सुजित म्हणाला, काही हरकत नाही, आता लावू. त्याने वायर काढून कार्डाच्या भोकात बसवली, सेटिंगमधलं सगळं चालू केलं, आणि पडदा उजळला. काय सांगू तुम्हाला. रस्त्याच्या कडेचं पातं न् पातं दिसत होतं. काचेवर पावसाचे थेंब, वायपर चाललेले, ढगांतून ऊन येतंय आणि ओल्या डांबरावर चमकतंय. आई म्हणाली, अगं बाई. साधनाही बघत राहिली. मी छाती पुढे काढून उभा राहिलो. उशिरा का होईना, कार्ड कार्ड होतं.

आबा थोडं अंतर गेले. मग त्यांनी ट्रक कडेला घेतला आणि डोळे चोळले.

"काय झालं आबा?"

"लई चकाकतंय रं. डोळं दिपत्यात. अन् मला काय गवत मोजायचंय व्हय? रस्ता दिसला म्हंजे झालं. पैल्यासारखं करून दे."

सुजितने सांगून पाहिलं की कार्डावर ठेवूनही गवत बंद करता येतं. आबांनी मान हलवली. चालती गाडी खोलायची नाही, हा त्यांचा जन्माचा नियम, आणि जी आधी चालत होती तीच त्यांना हवी होती. मी मुकाट्याने टेबलामागे गेलो आणि चार नंबरची वायर चार नंबरच्या भोकात परत लावली, आणि साधनाने सेटिंगमधलं सगळं पुन्हा बंद केलं. गवत गेलं, ढग गेले, आणि आबा खूश होऊन परत जर्मनीच्या रस्त्याला लागले.

मी म्हटलं, मग आता हे कार्ड काढून टाकतो, सुजितला देऊन टाकू, त्याच्या तरी उपयोगाला येईल. आबांनी गाडी न थांबवता डावा हात वर केला.

"राहू दे आतच," ते म्हणाले. "स्टेपनी हाय ती. रोजचा काय बी उपेग न्हाई, नुसतं वझं. खातीबी लई. पर घरचीच हाय म्हणल्यावर टाकून थोडीच देता येती."

आईने समजुतीने मान डोलावली, साधना पेपरात तोंड घालून हसली. आणि आबा हे बोलताना कार्डाकडे न बघता माझ्याकडे का बघत होते, ते मी काही विचारलं नाही.